सरासरीचा गुडघा

“खोडू नकोस. आधी भेटून ये, मग खुशाल खोड.”

पाळण्यात मूल नुकतं निजलंय आणि आपण त्याच्या उशाशी बोलतोय, असा सरांचा आवाज असे. शेवटच्या बाकापर्यंत तो पोचायचा तरी कसा, हे कोडं वाणिज्य शाखेच्या कुठल्याच तुकडीला सुटलं नाही. सर जाऊनही आता कितीतरी वर्षं लोटली होती. पण आज दुपारी तो आवाज ताईंच्या कानाशी असा आला, की त्यांनी दचकून मागेच बघितलं.

मागे कुणी नव्हतं. समोर भाची होती, कम्प्युटरच्या पडद्यावर बोट रोखून बसलेली.

“आत्या, हा एक आकडा उडवते हं,” ती दुसऱ्यांदा म्हणाली.

कारखान्याच्या कोपऱ्यातली ती काचेची खोली. काचेपलीकडे फळ्यांच्या थप्प्या, रंधायंत्राची घरघर, आणि हवेत तरंगणारा बारीक भुसा, जो काच बंद असली तरी आत येऊन टेबलावर बसायचा. ताईंच्या वडिलांनी हा कारखाना काढला तो शाळांची बाकं करायला, आणि अजूनही तिथे बाकंच बनत. लाकूड, यंत्रं आणि माणसं बघायचे दादा, म्हणजे ताईंचे थोरले भाऊ. मापं आणि मागण्या ताईंकडे. भाची दादांची मुलगी. ताई ज्या कॉलेजात शिकल्या तिथेच, त्याच शाखेत दुसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीत कारखान्यात हातभार लावायला येत होती.

या वेळची मागणी मोठी होती. बऱ्याच शाळांना मिळून बाकं हवी होती, आणि तिथली मुलं तोवर सतरंजीवर बसत होती. भाचीने प्रत्येक शाळेला फोनवरून तक्ता पाठवला, शिक्षकांनी मुलांची मापं भरून परत पाठवली. बाकाला मुलाची उंची लागत नाही. बसल्यावर जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत किती अंतर आहे, ते लागतं. पोरीने ते सगळं पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी मांडलं होतं, आणि तीन गोल टेकड्या उठल्या होत्या. लहान वर्गांची एक, मधल्यांची एक, मोठ्यांची एक.

“बघ, कशा झकास बसल्यात,” भाची म्हणाली. “फक्त हा एक शहाणा. डोंगरापलीकडच्या शाळेत, तिसरीचा वर्ग. सगळी पोरं तीस सेंटिमीटरच्या आसपास, आणि हा अठ्ठेचाळीस! तिसरीतलं मूल आहे की ताडाचं झाड? अठ्ठाविसाचं अठ्ठेचाळीस झालंय, दुसरं काय.”

“असेलही.”

“असेलही काय, आहेच. उडवू?”

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. उत्तर लांबवायचं असलं की त्या चष्मा पुसत. काचेबाहेर, दाराजवळच्या खिळ्याला एक जुनी काठी टांगलेली होती. हाताळून हाताळून तिला आरशासारखी झळाळी आली होती. त्यांची नजर तिथे गेली.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “तुला मी सरासरीच्या गुडघ्याची गोष्ट सांगितलीय का गं?”

“बाबांनी सांगितलीय. तीनदा. पण त्यात सगळे हसतातच फार. तू सांग.”

*

ताई कॉलेजात गेल्या तेव्हा सांख्यिकी म्हणजे वाघोबा होता. बाकीच्या विषयांत घोकंपट्टीने निभावून नेता येई. इथे आकडे अंगावर यायचे. आणि शिकवायला होते मधले सर. हे नाव पोरांनी ठेवलेलं. भांग मधोमध, शर्टाची गुंडी गळ्याशी मधोमध, आणि शिकवतानाही ते फळ्याजवळ न थांबता बाकांच्या दोन रांगांमधून हळूहळू येरझारा घालत. मध्य, मध्यक, बहुलक शिकवताना त्यांना आपलं टोपणनाव ऐकू गेलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मधला म्हणा, हरकत नाही. पण तिघांतला कुठला मधला, ते आधी ठरवा.”

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, “आकडा म्हणजे काय?”

कुणी म्हणालं संख्या, कुणी म्हणालं माहिती, एक पोपट पुस्तकातली व्याख्या म्हणून मोकळा झाला. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “आकडा म्हणजे कुणीतरी कुणाकडे तरी नीट बघितल्याची खूण. बघितलंच नसेल, तर ती नुसती शाई.”

नमुना निवडणं शिकवताना मागून एकजण ओरडला, “शितावरून भाताची परीक्षा, सर!” वर्ग खूश झाला. सरही हसले. “म्हण चांगली आहे. पण पातेल्यातल्या भाताला आच सगळीकडे सारखी लागते. माणसांना लागते का?” आणि फिरत राहिले. तो प्रश्न कित्येक दिवस वर्गात तसाच लोंबकळत होता.

मग त्यांनी सगळ्यांना काम दिलं. प्रत्येकाने आपल्या घरच्या धंद्यातला एक खरा प्रश्न आणायचा. कुणाचं दुकान होतं, कुणाच्या काकांची लाँड्री. ताईंच्या बाबांना नुकतीच एका शाळेची पहिली मोठी मागणी आली होती. तोवर बाकं अंदाजपंचे होत असत. एकच माप, लहान मुलांचे पाय लोंबकळणार आणि मोठ्यांचे गुडघे फळीला घासणार, हे जणू विधिलिखितच. ताईंनी हात वर केला. “सर, आपण त्या शाळेतली सगळी मुलं मोजली तर?”

सगळा वर्ग त्या शाळेत गेला. हसत, खिदळत, लहानग्यांना चॉकलेटची लालूच दाखवत मापं घेतली. ताईंनी घरी बसून बेरीज केली, भागाकार केला आणि सरासरी काढली, दशांश चिन्हापुढे दोन घरं. हातात जणू चंद्रच आला. दुसऱ्या दिवशी सर कारखान्यात आले. त्यांनी कागद वाचला, मग भिंतीवरची करवत हातात घेऊन तिच्या पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“तुझ्या दशांशापेक्षा या पात्याची जाडी जास्त आहे,” ते म्हणाले. “करवतीला जेवढं कळतं तेवढंच सांगावं. बाकीचं आपल्या हौसेचं.”

बाबा तोंडावर हात ठेवून हसले. ताईंचा चेहरा एवढासा झाला.

“रडू नकोस. बेरीज बरोबर आहे,” सर म्हणाले. “आता एक कर. एका लांब काठीवर या मापाची खूण कर, आणि या मापाचं मूल मला दाखव.”

त्यात काय अवघड? खूण केली. आणि वाणिज्य शाखेची वरात पुन्हा शाळेत निघाली, सरासरीचं मूल शोधायला. बालवर्गात काठी टेकवली, तर खूण पोरांच्या मांडीच्याही वर गेली. पहिलीत तेच, दुसरीत तेच. जिना चढून मोठ्यांच्या वर्गात गेले, तर खूण पोटरीलाच थकली. एक वर्ग झाला, दुसरा झाला. या शाळेत नेमके मधले वर्ग नव्हतेच. ते पलीकडच्या दुसऱ्या शाळेत भरत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बेरीज करताना एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेवटी दमून सगळे मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीशी आले. बाई ठेंगण्या, गोल, आणि कडक म्हणून नावाजलेल्या. एका आगाऊ पोराने नम्रपणे विचारलं, “बाई, जरा?” आणि काठी त्यांच्या खुर्चीशी टेकवली.

काठीवरची खूण बाईंच्या गुडघ्यामागे चपखल बसली.

पोरांनी वाकून वाकून खात्री केली. मग बाईच म्हणाल्या, “म्हणजे सगळी बाकं माझ्या मापाची करताय होय? बरं झालं बाई! या शाळेत कुणीतरी माझा विचार केला.”

हसून हसून पोरांची पोटं दुखली. सर मात्र दारात उभे होते, काठीकडे बघत. परतताना रस्त्यात त्यांनी समजावलं. “दोन वेगळ्या गर्द्या एकत्र केल्या, की त्यांचा मध्य दोघींमधल्या ओसाड जागी पडतो. तिथे कुणी राहतच नाही. पाचही बोटं सारखी नसतात, हे तर सगळेच म्हणतात. किती सारखी नसतात, ते मोजणं हा आपला विषय.”

मग लहानांची मापं वेगळी मांडली, मोठ्यांची वेगळी. दोन आकारांची बाकं ठरली. सगळं जागच्या जागी बसलं, आणि एक आकडा उरला. लहान वर्गांच्या रांगेत उगाच उंच मान काढून उभा. मोजणाऱ्याचा हात घसरला असणार. ताईंनी खोडरबर उचललं.

तेव्हा सर म्हणाले होते ते वाक्य.

ताई भेटायला गेल्या, मनातून चरफडतच. तो आकडा निघाला एका मुलीचा. वर्गात तिला ‘शिडी’ म्हणत. पाय बाकाखाली मावत नाहीत म्हणून ती खिडकीच्या कट्ट्यावर बसायची, आणि कट्ट्यावर बसते म्हणून रोज बोलणी खायची. ताईंच्या हातातली काठी बघून ती आपणहून उठून उभी राहिली.

“तुम्ही पण चूक झाली म्हणून आलात?” तिने विचारलं. “परवा तुमच्यातले दोघं दोनदा मोजून गेले. माझं नेहमी चुकतंच.”

ताईंनी तिला खुर्चीवर बसवलं. त्यांनी मोजलं. आकडा बरोबर होता.

बाबांनी तिच्यासाठी एक वेगळं बाक केलं. उरलेल्या लाकडातून करायचं, तर लाकूड उरलेलंच नव्हतं. सगळ्या फळ्या कापून झाल्या होत्या. शेवटी बाबांनी घरातल्या कपाटाचं दार काढलं. आईने आठ दिवस अबोला धरला. ते बाक दादांनी डोक्यावरून शाळेत नेलं. त्यांनी तेव्हा नुकती मिशी राखली होती आणि रस्त्यातून बाक नेताना लाज वाटत होती. सारी वाट ते कुरकुरत गेले. शिडी बसली. दोन्ही पाय बाकाखाली नीट ठेवले, आणि फळ्याकडे सरळ तोंड करून बघत राहिली. बस्स, एवढंच. पण परत येताना दादांची कुरकुर थांबली होती.

सर निवृत्त होऊन गाव सोडून निघाले, तेव्हा निरोप घ्यायला कारखान्यात आले होते. लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. चहा झाला. मग हळूच म्हणाले, “एक मागू? रांगेत न बसणारा आकडा तुझ्याकडे पुन्हा पुन्हा येईल. भेटल्याशिवाय खोडू नकोस.”

“नाही खोडणार, सर,” ताई म्हणाल्या. “मी असेपर्यंत तरी नाही.”

*

“मग प्रत्येक वेळी शिडी भेटली?” भाचीने विचारलं.

“छे गं. निम्म्या वेळा तरी नुसता हात घसरलेला असतो. हेलपाटा घालून परत येते, आणि तुझा बाप दारातच विचारतो, ‘काय प्राध्यापकीणबाई, भेटला का शून्य?’”

भाची हसली, पण तिचं बोट आता पडद्यावरून बाजूला झालं होतं. “आमच्या पुस्तकातही आहे, आत्या. आधी मूळ नोंद तपासा म्हणून. थांब, फोन लावते.”

डोंगरापलीकडच्या शाळेतल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. भाचीने फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

“तक्ता बदली शिक्षकांनी भरला होता, ते गेले,” तो म्हणाला. “बघायला लागलं तर वेळ जाईल हो. अठ्ठावीस करून टाका. आमची काही हरकत नाही. तुम्हाला सोयीचं पडेल ते लिहा.”

भाचीने फोन ठेवला. “किती सोपं आहे,” ती म्हणाली, आणि ते तिला आवडलं नसावं.

तेवढ्यात दादा आत आले. खांद्यावर भुसा, कानाला पेन्सिल. “उद्या सकाळी कापायला घेतोय. माणसं सांगून ठेवलीयत. झाले ना आकडे?”

“एक राहिलाय,” ताई म्हणाल्या.

दादांनी पडदा बघितला, बहिणीकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला. “आलं! तिसरीत अठ्ठेचाळीस? अगं, घोड्याला बसवलं तरी एवढं भरणार नाही.”

“कुणी मोठं माणूस असेल तिसरीत. राहून गेलेलं शिक्षण पुरं करत असेल.”

“नाहीतर तक्ता भरणाऱ्याची बोटं जाडी असतील.”

“असतीलही. इथे बसून कसं कळणार? उंटावरून शेळ्या हाकतोय आपण.”

“हे बघ, पोरं सतरंजीवर बसलीयत. एका ठिपक्यापायी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं?”

“तसं नको. मधल्या मापापासून लाव, त्याचीच संख्या सगळ्यात जास्त आहे. मोठ्या मापाच्या फळ्या तेवढ्या एक दिवस थांबू देत. मी उद्या जाऊन येते. सगळं कापून झालं, की सुट्या बाकाला लाकूड उरत नाही, दादा. तुला माहितीय.”

“आता घरात कपाटाचं दारही लाकडी राहिलेलं नाही,” दादा म्हणाले. “नाही. एकदा यंत्र लागलं की सगळं एकदम. त्या डोंगरावर तुझे गुडघे चढणार आहेत का? सरासरीचे नाहीत ते, साठी उलटलेले आहेत.” आणि ते निघून गेले.

भाचीने आत्याकडे बघितलं. ताई पुन्हा चष्मा पुसत होत्या. दादांचं चुकत होतं, असंही नव्हतं. त्या आकड्यामागे कुणी नसेल, तर एक दिवस फुकट जाणार. आणि असेल, तर यादीतून गेलेलं माणूस बाकावरूनही जाणार. कुणाला पत्ताही लागणार नाही, त्याला सोडून.

*

ताईंचा एक नेम होता. पहाटे अंघोळ करून दिवा लावायचा, आणि तो आपणहून शांत होईपर्यंत मौन. दिवसाचा पहिला शब्द घाईत जाऊ नये, एवढीच त्यामागची भावना. दादा मात्र आपली सगळी गाऱ्हाणी नेमकी याच वेळात मांडत. उलट उत्तराची धास्ती नाही.

त्या सकाळीही दिवा लागला. ताई हात जोडून बसल्या. मग उठल्या. डोंगरापलीकडच्या शाळेकडे जाणारी पहिली बस दिव्यासाठी थांबणार नव्हती. त्यांनी झोपाळलेल्या भाचीला खुणेने बोलावलं आणि दिव्याकडे बोट दाखवलं. भाचीला कळलं. ती मांडी घालून दिव्यापाशी बसली, आणि कुजबुजली, “आत्या, ती ओळ मी तशीच ठेवलीय. उडवली नाही, बदललीही नाही.”

ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माडीवरच्या घराच्या पायऱ्या उतरून त्या कारखान्याच्या दारात आल्या आणि खिळ्यावरची काठी काढली. मूळच्या सरासरीच्या खुणेखाली-वर आता कितीतरी खाचा होत्या, प्रत्येक सुट्या बाकाची एक.

कापणारी माणसं आली होती. दादा यंत्राशी उभे होते. बहिणीच्या काखेत काठी बघून त्यांनी तोंड उघडलं.

“निघालीस? सांगून काही उपयोग आहे का तुला? पालथ्या घड्यावर पाणी. चढावर धाप लागेल, मग फोन करशील, ‘दादा, न्यायला ये.’ मी येणार नाही, सांगून ठेवतो.”

ताई ऐकत उभ्या राहिल्या. बोलता येत नव्हतंच, आणि बोलायचंही नव्हतं.

“काठीचं टोक गुळगुळीत झालंय, चढावर घसरेल,” दादा म्हणाले. त्यांनी काठी तिच्या हातातून ओढून घेतली, टोकाला रबराचा तुकडा ठोकला, आणि परत देताना तिच्याकडे न बघता माणसांना ओरडून सांगितलं, “मधल्या मापाच्या फळ्या घ्या रे आधी! मोठ्यांना आज हात लावू नका.”

यंत्र सुरू झालं. भुशाचा पहिला ढग उठला, ओल्या लाकडाच्या वासाचा, बाबांच्या शर्टाला यायचा तसा. ताईंनी तो छातीभर घेतला. मग काठी सांभाळत, एक शब्दही न बोलता, त्या फाटकाबाहेर पडल्या आणि बसच्या थांब्याकडे चालू लागल्या.